मनगटावर काय कोरायचं

मी, या गल्लीत पाटीवाल्या बाई म्हणून ओळखली जाणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा धातूवर अक्षरं कोरण्याचा, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. शरीर मात्र दमलं आहे. हृदयाची झडप बदलून अकरा वर्षं झाली, आता जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागतं. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट दोन्ही मुलं म्हणाली, "आई, राहू दे ना आत्ता." याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते सोळा वर्षांपूर्वी रागाच्या भरात लिहिलं होतं आणि त्यात थोरल्याला मी काहीच ठेवलं नव्हतं.

कलम एक. घर, म्हणजे खालचं दुकान आणि वरच्या दोन खोल्या, माझ्या स्वकष्टाचं आहे. ते मी धाकट्याला देते. उद्या कोणी याला हरकत घेऊ नये म्हणून कारण लिहिते.

धाकट्याला नवव्या वर्षापासून फिट येतात. गोळ्यांनी आवरतात, पुरत्या जात नाहीत. त्याला छापखान्यात नोकरी लागली तेव्हा मी त्याच्यासाठी स्टीलची ओळखपट्टी करायला घेतली. मनगटावरच्या साखळीत बसते ती, दोन बोटं रुंद. एका बाजूला जेमतेम चार ओळी मावतात. मी आधी कागदावर लिहिलं, 'फिट येते'. थोरला विमा कंपनीत आहे, त्या दिवशी जेवायला आला होता. त्याने कागद उचलला.

"आई, हे काय गावभर मिरवायचंय का?"

"मिरवायला कशाला? पडला तर लोकांना कळायला नको?"

"पडला तर मला फोन करतील. त्याचं नाव घाल, माझा नंबर घाल, बास. उद्या माझ्या मुलीला स्थळं येतील तेव्हा विचारतील, काकाला काय आहे म्हणून."

मुलगी पाच वर्षांची होती. तिचे दुधाचे दात पडायचे होते अजून आणि हा तिची स्थळं बघत होता.

धाकटा मान खाली घालून जेवत होता. म्हणाला, "दादा म्हणतो तसंच कर. तिथे कळलं तर मला घरी पाठवतील."

मी दोघांचं ऐकलं. नाव, रक्तगट आणि थोरल्याचा नंबर कोरला. अक्षरं फार सुबक आली होती. हे मुद्दाम नोंदवते, कारण ती चूक माझ्या हातची आहे.

सात महिन्यांनी, भर दुपारी, कागदाचे गठ्ठे उतरवताना तो छापखान्याच्या आवारात पडला. मुकादमाने ठरवून टाकलं की पोरगं पिऊन आलंय. दोघांनी हातपाय दाबून धरले, एकाने दातांत चमचा घातला. खांदा निखळला, दोन दात तुटले. मग कोणीतरी पट्टी वाचून थोरल्याला फोन लावला. तो बैठकीत होता. अनोळखी नंबर म्हणून त्याने उचलला नाही. तीनदा नाही. उतरेल आपोआप, असं म्हणून त्यांनी धाकट्याला फाटकाजवळच्या बाकावर टाकला. तिथे पुन्हा फिट आली आणि ती थांबेना. छापखान्यात झाडायला येणाऱ्या बाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आरडाओरडा करून रिक्षा आणवली, त्याला दवाखान्यात पोहोचवलं आणि मग मला शोधत आली. तिला एवढंच कळलं होतं की त्याच्या तोंडाला दारूचा वास नाही.

जीव वाचला. पण तेव्हापासून अलीकडचं काही त्याच्या लक्षात राहत नाही. गॅस बंद केला का, हे चारदा बघतो. नोकरी तर गेलीच. म्हणून घर त्याचं. ते त्याला विकता येऊ नये, आणि त्याला तिथून कोणी हलवू नये.

दवाखान्यातच मी दुसऱ्या पट्टीसाठी कागद घेऊन बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजाराचं आणि गोळीचं नाव इंग्रजीत घाला, आम्हाला तेच लागतं." झाडूवाली तिथेच होती. ती म्हणाली, "बाई, पडलेल्या माणसाजवळ पहिली मी पोहोचते, डॉक्टर नाही. मला वाचता येईल असं लिहा." दोघींचंही बरोबर होतं. डॉक्टरांचं मागच्या बाजूला घातलं. पुढे रस्त्यावरच्या माणसासाठी. नाव काढून टाकलं. ते ठाऊक नसलं तरी माणसाला कुशीवर वळवता येतं. धाकटा खाटेवरून ऐकत होता. तुटक्या दातांनी म्हणाला, "'प्यायलेला नाही' हे सगळ्यात वर घाल."

"का रे?"

"ते आधी वाचलं तर पुढचं वाचतील."

तेव्हा ओळी अशा झाल्या: प्यायलेला नाही. फिट येते. कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका.

कलम दोन. बँकेतली ठेव दोन्ही मुलांनी निम्मी निम्मी घ्यावी. धाकट्याचा वाटा थोरल्याने सांभाळावा. थोरल्याशी मी कित्येक वर्षं कामापुरतंच बोलले. गेल्या वर्षी तो एकटाच दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. दोन वर्षं इन्शुलिन घेत होता, बायकोलाही सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी साखर उतरली आणि कचेरीत काहीबाही बरळला. लोक हसले. साहेबांनी जवळ येऊन तोंडाचा वास घेतला.

"आई, मलाही एक कर."

"काय लिहू?"

"सगळं लिही."

"कचेरीत वाचतील."

"वाचू देत."

मी लिहिलं, 'इन्शुलिन घेतो. बरळलो तर साखर द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही नको, दवाखान्यात न्या.' मग विचारलं, फोन कोणाचा? "धाकट्याचा घाल," म्हणाला. "तो उचलतो."

त्याच्या वाट्याचं असं बदललं. मी विसरले असं नाही. राग धरून ठेवायलाही ताकद लागते, ती आता उरली नाही.

कलम तीन. कोरण्या, पट्टी आवळून धरायचा शेगडा, भिंग, मशीन आणि दुकानात बसायचा हक्क नातीला. हीच ती, जिची स्थळं अडणार होती. आता एकवीस वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा बारीक अक्षर काढते. अट एकच. पट्टीवर काय कोरायचं हे तिने ती घालणाऱ्यालाच विचारावं, सोबत आलेल्याला नाही. एक गृहस्थ बायकोला घेऊन आले होते. तिच्या आजाराऐवजी त्यांना स्वतःचं नाव हुद्द्यासकट हवं होतं. मी त्यांना हात जोडून बाहेर पाठवलं आणि बाईला बसवून घेतलं.

कलम चार. मुकादम दोनदा माफी मागायला आला. मी दार उघडलं नाही. तो वारला असं ऐकते. त्याच्याकडे माझं काही राहिलं नाही.

कलम पाच, माझ्याविषयी. माझ्या पट्टीवर झडप आणि रक्त पातळ करायची गोळी होतीच. गेल्या महिन्यात मी नातीला नवी करायला सांगितली, त्यात 'यंत्रावर ठेवू नका' ही ओळ वाढवून. पट्टीवरचं कोणी मानेल न मानेल, म्हणून डॉक्टरीणबाईंसमोर तसा वेगळा कागदही केला आहे. थोरला चिडून उठून गेला. नात म्हणाली, "आजी, मी नाही कोरणार हे." चार दिवस तिने पट्टीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "मी खूप दमले गं." मग ती बसली. तीन शब्दांना सबंध दुपार लागली तिला. संध्याकाळी थोरल्याने त्या कागदावर सही केली.

धाकट्याच्या मात्र हे लक्षात राहत नाही. दोन-तीन दिवसांनी माझा हात हातात घेतो, ती ओळ वाचतो आणि विचारतो, "आई, हे कशाला?" मी सांगते. दर वेळी त्याला पहिल्यांदाच ऐकल्यासारखं वाईट वाटतं.

मी गेल्यावरही तो विचारेल, आई कुठे आहे म्हणून. एकदा सांगून भागणार नाही. ते सांगायचं काम मी थोरल्याकडे देते. दर वेळी शेजारी बसून सांगावं. "आत्ताच तर सांगितलं ना" असं म्हणू नये.

वरील मजकूर मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे आणि त्यांनी माझ्यासमोर. हात कापतो, म्हणून सही बँकेतल्या सहीशी जुळणार नाही. ती माझीच आहे.

सही: पाटीवाल्या बाई

साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरी: छापखान्यातली झाडूवाली (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून तिला द्यायचं ते हयातीतच दिलं आहे. ती नको नको म्हणत होती.)

ठिकाण: दुकानावरची पुढची खोली
दिनांक: बारा मार्च, गुरुवार, सकाळी