माझा लेख कोर्टात वाचला गेला त्याची हकिकत

तीर्थरूप मावशीस,

वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? कवळी घासत असेल तर कृपा करून स्वतः कानशीने तासू नकोस. मागच्या खेपेला तू तासलीस ती काकांची निघाली. आम्ही इकडे मजेत आहोत. मध्यंतरी मात्र नव्हतो, ते सांगायलाच हे पत्र.

दवाखाना बंद केला की मी ब्लॉग लिहितो, हे तुला ठाऊक आहे. समाज, सरकार, कोर्टाचे निकाल, काहीही वर्ज्य नाही. माझी मतं फार ठाम असतात, कारण ती मी दिवसभर पेशंटांना ऐकवतो आणि (तोंडात कापसाचे बोळे असल्यामुळे) आजवर कुणी उलट बोललेलं नाही. तर मी आमच्या गावामागच्या डोंगराबद्दल लिहिलं. तिथे सरकारला अभयारण्य करायचंय, तिथले आदिवासी हलत नाहीत आणि प्रकरण कोर्टात आहे. मी ठणकावलं की त्यांना खाली आणून पक्की घरं द्यावीत, त्यातच त्यांचं भलं आहे, कोर्टाने उगाच हळवं होऊ नये. लेख मला स्वतःला फारच आवडला.

पुढच्याच आठवड्यात एक बाई दाढ धरून आल्या. रूट कॅनल उरकेपर्यंत मी त्यांना अख्खा लेख ऐकवला. बाईंनी चूळ भरली, ओठ पुसले (अर्धा ओठ बधिर, तरी शब्द स्वच्छ) आणि म्हणाल्या, "डॉक्टर, मी त्याच डोंगरावरची. आमची केस मीच लढवतेय. तुमचा लेख सरकारी वकिलांनी काल कोर्टात वाचून दाखवला. समाजाचं मत म्हणून."

मावशी, माझ्या हातातला आरसा खाली पडला. तो ब्लॉग वाचतं कोण, तर तू आणि माझा कंपाउंडर (तोही पगारवाढीच्या आशेने). आणि त्यापायी अख्खी वस्ती उठायची! मी म्हटलं, कोर्टात येऊन सांगतो की ते माझं एकट्याचं मत होतं. बाई म्हणाल्या, "आधी वर या. मग काय सांगायचं ते सांगा."

गेलो. अर्ध्या वाटेत बुटाचा तळ सुटला, तो दोरीने बांधून पोचलो. वर बाईंची आजी बसली होती. "आम्हाला घर देणारा तो तूच काय?" असं विचारून तिने मला तिचं घर दाखवलं, मागचा झरा दाखवला आणि झऱ्यापलीकडे जिथे तिचा नवरा आणि मुलगी पुरली आहेत ती जागा दाखवली. मग म्हणाली, "यातलं खाली काय काय नेणार, सांग." मी गप्प. माझ्या तोंडात तर बोळाही नव्हता.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी एवढंच विचारलं, की लेख लिहिण्याआधी डोंगर चढला होता का. म्हटलं, "नाही, फोटो पाहिला होता." सगळे हसले, न्यायाधीशबाईंनीही तोंडापुढे कागद धरला. निकाल लागला, की वस्तीच्या संमतीशिवाय एकही घर हलवायचं नाही. त्यात माझ्या लेखाचा उल्लेखसुद्धा नाही (जरा लागलं, पण असो). आता दर रविवारी मी दात तपासायला वर जातो. तिथली माणसं आधी मनसोक्त वाद घालतात, मगच तोंड उघडून बसतात. आजीने तर माझी निम्मी मतं मोडीत काढली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

काकांना नमस्कार.

तुझा दातपाड्या भाचा

ता. क. सरकारने वरच्या कोर्टात अपील केलंय. ते कोर्ट तुझ्या घरासमोरच आहे, हे मी डोंगरावर सहज बोलून गेलो.

ता. क. २. सुनावणी आठवडाभर चालेल म्हणतात. मंडळी स्वयंपाक स्वतः करतील. आजी मात्र सल्ले देईल.

ता. क. ३. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ते हातात देणाऱ्या त्याच वकीलबाई. बाकीचे जिन्यात उभे आहेत. चष्मा काढ आणि त्यांना आत घे.