सगळे, नाहीतर कोणीच नाही

३ मार्च, मंगळवार

आजही तेच! नऊ देशांच्या आमच्या सभेत उद्योग-आयुक्तांना सरळ विचारलं — नदीकाठच्या रंगाच्या कारखान्याला परवाना कोणी दिला? हसले. "निर्णय सगळ्या आयोगाचा असतो, बाई. लेखी उत्तर मिळेल." म्हणजे कोणाचाच नाही!

मला लोकांनी निवडून दिलंय. आयोगातल्या या आयुक्तांना नऊ सरकारांनी बंद दाराआड नेमलंय. आणि विनवण्या करायच्या मी.

रात्री ताईचा फोन. नळाला अजून जांभळट पाणी, धाकटीच्या अंगभर पुरळ. "तू तिथे असून काय उपयोग गं?"

५ मार्च

नियम पुन्हा वाचले. एकट्या आयुक्ताला काढता येत नाही. अविश्वास ठराव आणायचा तर अख्ख्या आयोगावर. सगळे, नाहीतर कोणीच नाही.

मग आरोग्य-आयुक्त डॉक्टरीणबाईही जाणार! परवान्याला विरोध केला तो त्यांनी एकट्यांनी. पाण्याची तपासणी लावली तीही त्यांनीच. ठराव माझाच, आणि सहीला हात धजेना.

१० मार्च

सही केली. मतदान परवा.

डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. मला तोंड वर करवेना. त्याच म्हणाल्या, "माझ्याकडे बघून थांबू नका. नाहीतर प्रत्येक आयोग एक भला माणूस पुढे बसवेल आणि मागे हवं ते करेल."

"आणि तपासणीचं?"

"नवा येईल तो बघेल." पण आवाज पडला होता.

१२ मार्च

जिंकलो! अवघ्या चार मतांनी. बाकं वाजली, लोक गळ्यात पडले. ताई फोनवर रडली — "केलंस गं बाई!"

डॉक्टरीणबाईंनी संध्याकाळीच टेबल आवरलं. "लोकांचे प्रतिनिधी नको म्हणाले, मग खुर्चीत बसून कसं राहायचं?" एक पिशवी, एक छत्री. दारापर्यंत सोडायला गेले.

१३ मार्च

नव्या आयोगावर नऊ सरकारांचं एकमत होईपर्यंत जुनाच आयोग काळजीवाहू. बाकीचे सगळे जागेवर. रिकाम्या आरोग्य खात्याचा कारभार उद्योग-आयुक्तांकडे. तपासणी आज थांबवली.

मी ताडकन उठले. सभापती म्हणाले, "खाली बसा. काळजीवाहू आयोगाला प्रश्न विचारता येत नाहीत."

आणि काढायचं म्हटलं तर — काढून झालंय.