साहेबांचा फोन

साहेब,

मी तुमच्या गोदामात पार्सलं लावणाऱ्या कामगाराची बायको. आपली ओळख नाही, पण तुमचा आवाज मला पाठ आहे. जेवताना तुमचा फोन वाजला की ह्यांचा घास हातातच राहतो.

परवा ह्यांचं ब्लडप्रेशर फार चढलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "चिडायचं नाही, आणि मनातही ठेवायचं नाही."

ह्यांनी विचारलं, "मग बाई, ठेवायचं कुठे?"

बाई हसल्या. हे हसले नाहीत.

काल दुपारी त्या तपासत असतानाच तुमचा फोन आला. हाताला सलाईन असूनही हे पलंगावरून उतरून उभे राहिले. "हो साहेब. चुकलं साहेब. उद्या येतो साहेब." बाईंनी पुन्हा पट्टा गुंडाळून प्रेशर मोजलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ह्यावर मी कुठलं औषध देऊ?"

तुमच्यावरही वरून कोणी ओरडत असेल, हे मला कळतं. ह्यांच्याशी जरा हळू बोला, एवढंच मागायचं होतं. पण हे पत्र तुमच्या हाती पडलं तर ह्यांचं काम जाईल, आणि त्या धसक्याने हे अंथरूणच धरतील. म्हणून ते माझ्याकडेच ठेवते.

डॉक्टरीणबाई नको म्हणत असताना हे आज सकाळी कामावर गेले. सलाईन लावलेला हात सुजला होता, म्हणून शर्टाची बटणं मीच लावून दिली.

तुमच्या कामगाराची बायको