डाव्या मनगटाचा एक्स-रे

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद घेऊन बसले आहे. किती फोन केले ते मी मोजलं नाही, पण आई मोजतेय. ती म्हणते, डॉक्टर माणूस, पेशंट असतील. मीही मान हलवते. लहानपणी आईसमोर खोटं बोलायची वेळ माझ्यावर तुझ्यामुळेच यायची, आताही तुझ्यामुळेच आली. तिचे गुडघे बरे आहेत. दिवसभर खिडकीत बसून खाली कोण गाडी वाकडी लावतं ते बघते, आणि मी घरी आले की त्यांच्यावर खटला भरायला सांगते.

तू माझ्या कामाची नेहमी थट्टा करतोस, की ताई सरकारी पगार घेऊन लोकांची दुखणी खोटी ठरवते. थोडं तसंच आहे म्हण. विम्याचे खोटे दावे करणाऱ्यांना कोर्टात उभं करायचं. त्यासाठी सहा वकील, दोन तपास अधिकारी, एक कारकून आणि जिची खिडकी धड लागत नाही अशी एक खोली. त्या खोलीत एक नियम आहे, तो मी घातलाय. पहिल्या वाचनाला फाइलमधली सगळी नावं काळ्या पट्टीने झाकायची. मालक असेल तो 'अ', नोकर असेल तो 'ब'. खटला कोणावर चालवायचा हे ठरलं की मगच पट्ट्या काढायच्या. ओळखीपाळखीने मन कलू नये, म्हणून. या नियमाचा मला फार तोरा होता. नव्या पोरापोरींना पहिल्याच दिवशी तो घोकायला लावायचे.

दीड महिन्यापूर्वी अशीच एक फाइल आली. एका हॉस्पिटलमधून गेलेले चौदा दावे, चौदा मोडलेली डावी मनगटं, आणि चौदांना जोडलेला एक्स-रे मात्र एकच. हाडावर बसवलेली सहा भोकांची धातूची पट्टी, पाच स्क्रू, तिसरं भोक रिकामं. नावाचा कोपरा कापलेला. चौदा जणांच्या हातात तिसरंच भोक रिकामं ठेवणं देवालाही जमलं नसतं. प्रत्येक दाव्याबरोबरच्या पत्रावर 'ब'ची सही होती. मी दोन दिवस वाचलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की हे 'ब'चं काम. 'अ' बिचारा कामात बुडालेला, केसाने गळा कापला त्याचा. 'ब'ला अटक झाली. मग पट्ट्या निघाल्या. 'अ' तू होतास. 'ब' म्हणजे तुझ्या रिसेप्शनवरची ती मुलगी, जी मी आले की न सांगता पंख्याखालची खुर्ची माझ्याकडे सरकवायची.

मी लगेच साहेबांकडे गेले, सख्खा भाऊ आहे म्हणाले. ते म्हणाले, तो आरोपी कुठे आहे, फसवला गेलेला माणूस आहे. त्याची साक्ष तेवढी तू घेऊ नकोस. केवढं हायसं वाटलं मला! त्याच दिवशी तुझाही फोन आला. ताई, डोळे मिटून विश्वास टाकला गं त्या पोरीवर, असं तू म्हणालास, आणि तुझा आवाज इतका दमलेला होता की मला रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून तिची आई आमच्या जिन्याखालच्या बाकावर येऊन बसायला लागली. काही मागत नाही. नुसती मांडीवर डबा घेऊन बसते, कोणीतरी तो मुलीपर्यंत पोचवेल म्हणून. मी मागच्या दाराने जायला लागले.

राहिला होता तो एक्स-रे. मूळ हात कोणाचा हे कळलं की 'ब'ने तो कुठून पळवला ते कळणार होतं. माझी माणसं अकरा हॉस्पिटलं पालथी घालून आली. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तो हा. शेवटी हाडांच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी एक्स-रे खिडकीकडे धरला आणि म्हणाल्या, ही अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आहे. तिसरा स्क्रू बसलाच नसणार, तिथे हाडाचा चुरा झालाय. फार जुना एक्स-रे. आता बाई पन्नाशीला टेकली असेल आणि मीटिंगमध्ये हात दाबत बसत असेल. सगळे हसले. मीही हसले. टेबलाखाली माझा उजवा हात डावं मनगट दाबत होता. त्याच्याकडे लक्ष गेलं आणि माझं हसू तिथेच थांबलं.

तू दहा वर्षांचा होतास. चेंडू काढायला गच्चीवरच्या टाकीवर चढलास, पाय घसरला, मी तुझा शर्ट धरून तुला आत ओढलं आणि स्वतः खाली आले. हॉस्पिटलमध्ये दिव्याच्या काचेवर लावलेला माझा एक्स-रे तू डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ बघत होतास; मी तर तो कधी धड बघितलाही नाही. ताईने हात मोडून घेतला म्हणून घरात डॉक्टर झाला, हा बाबांचा आवडता विनोद. डॉक्टरीणबाई आल्या त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईच्या पलंगाखालची ट्रंक ओढली. पाकीट होतं, आत काही नव्हतं. आई म्हणाली, अगं, दोन वर्षांपूर्वी तोच घेऊन गेला, हॉस्पिटलमध्ये फ्रेम करून लावतो म्हणाला. सांगताना तिला किती कौतुक वाटत होतं तुझं.

पेशंटचा वापरला असतास तर कधी ना कधी कोणी ओळखला असता. ताईचा कोण ओळखणार? बरोबर हिशेब होता तुझा. तू हे का केलंस, कशात अडकला होतास, मला माहीत नाही. मला येऊन सांगितलं असतंस तर मी ओरडले असते, आणि मग तुझ्याबरोबर उभी राहिले असते. पण पुढे ठेवलेल्या कागदावर सही करणं एवढाच जिचा गुन्हा, त्या पोरीला तू आत जाऊ दिलंस, हे मला सहन होत नाही. आणि तिला आत ढकलणारा हात माझाच होता. मी नावं झाकली, पण मालक आणि नोकर हे शब्द तसेच उघडे ठेवले. माझं मन तेवढ्यावरच कललं. आता खोलीतला कोणी माझ्याकडे सरळ बघत नाही. ताईने भावाला वाचवायला नोकराचा बळी दिला असं त्यांना वाटत असेल, तर त्यांचं काय चुकलं?

दुसऱ्याच दिवशी मी सरकारी दवाखान्यात जाऊन माझ्या मनगटाचा एक्स-रे काढून घेतला, तेच तिसरं भोक रिकामं, तो साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि खटल्यातून बाहेर पडले. तो जुना एक्स-रे आपल्या घरात होता आणि तिथून तू नेलास, हे सांगू शकणारी मी एकटीच आहे. आईला मी कोर्टाची पायरी चढू देणार नाही. तुला आरोपी म्हणून समन्स मिळालंय, तेव्हा हे पत्र तुला सावध करायला नाही. ते साहेबांनी वाचलंय आणि याची प्रत फाइलला लागणार आहे, साक्षीदाराने आरोपीला लिहिलेलं पत्र म्हणून. सोमवारी माझी साक्ष आहे. त्याआधी तू आपल्या पायांनी जाऊन त्या मुलीला काही माहीत नव्हतं एवढं लिहून दिलंस, तर ती लवकर घरी जाईल. नाही दिलंस तर ती माझ्या साक्षीवर सुटेल, उशिरा. मी दोन्ही वेळा खरंच बोलणार आहे, तेव्हा माझ्यासाठी काही करू नकोस, तिच्यासाठी कर. शेकडो साक्षीदारांना मी पहिला प्रश्न हाच विचारलाय, की आरोपी तुमचा कोण? सोमवारी तो मला विचारतील. घरी आरशासमोर उभी राहून मी उत्तर म्हणून बघते, आणि 'धाकटा'च्या पुढे मला जाता येत नाही.

तुझीच, काहीही झालं तरी तुझीच,
ताई