अष्टमीचं उधाण

शनिवार, वैशाख वद्य सप्तमी. बेलवली, संध्याकाळ.

नातीशी खोटं बोललो. मोबाइलवर उद्याचा अंदाज दाखवत होती, डोंगराआडचा किनारा, लाटा गुडघ्याएवढ्या, वारा मंद. "आजोबा, उद्या तुम्ही पण पाण्यात उतरायचं हां!"

"मोबाइलला काय कळतं? उद्या उधाण आहे."

तिथीवरून भरती सांगणाऱ्या मिठागरवाल्यांच्या घरातला म्हातारा मी, तिथी कोण तपासणार?

"आजोबा बोलले ना, मग कॅन्सल!" तिने पोहायचे कपडे पिशवीतून काढून खुर्चीवर टाकले.

उद्या तर अष्टमी. अष्टमीला भरती अगदी दमलेली असते, उधाण कसलं! शाळेत समुद्राच्या कविता सगळ्यात मोठ्याने मीच म्हणायचो. आता गुडघे लटपटतात. तिच्यासमोर पडलो तर?

कपडे अजून खुर्चीवरच. सारखी नजर जाते.

लिहून काय होणार? उठतो, सांगतो तिला: समुद्र शांत आहे गं, फक्त माझा हात धर.