निळ्या कॉलरचे सूट माझ्या मशीनमध्ये कसे?

ती. स्व. ताईस,

धाकट्या भावाचा, साबणाचे हात पुसून केलेला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? माझी पाठ होती तशीच आहे. फोनच करणार होतो, पण तुमच्याकडे फोन भावोजी उचलतात आणि आमचं बोलणं बंद आहे. (सहा महिने झाले. का बंद केलं ते मला नीटसं आठवत नाही, आणि त्यांना विचारायची सोय नाही.)

तर त्या दोन कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यांनी माझ्या डोक्याचा पार भुगा केलाय. आमच्या कारखान्यातल्या कामगारांचे लाल कॉलरचे अंगभर सूट आमच्या लाँड्रीत, समोरच्या कारखान्याचे निळ्या कॉलरचे तुमच्या, इथवर सगळं सरळ होतं. (सुटाचा एक धागा आत उडाला तरी चिप बाद, म्हणून आपलं धुणं असं सोवळ्यातलं.) मग आमच्यांनी चिपचा भाव उतरवला. समोरच्यांनी त्याहून उतरवला. आमच्यांनी पुन्हा. माल दुप्पट खपला आणि नफा निम्मा झाला! हे कसं, ते कारखान्याच्या साहेबांनी मला कागदावर काढून दाखवलं. समोर बसलो होतो तोवर समजलं होतं, जिना उतरेपर्यंत गेलं. मी म्हटलं, दोघांनीही थांबायचं ना मग. साहेब म्हणाले, आधी कोण थांबणार? आणि त्याच दमात म्हणाले, समोरच्या लाँड्रीने धुण्याचा दर कमी केलाय, तुम्हीही करा. समोरची लाँड्री म्हणजे भावोजी! माझं डोकंच फिरलं. मी कमी केला. त्यांनी आणखी केला. आता धुतलं तर तोटा आणि न धुतलं तर काम जातं. दोघांपैकी एका लाँड्रीला टाळं लागणार हे नक्की, आणि कोणाला लागलं तर मी आनंद मानायचा, हेही मला सुचत नाही.

त्यात मंगळवारी मशीन उघडतो तर आत चाळीस सूट निळ्या कॉलरचे! आधी वाटलं, मला चोर ठरवायला भावोजींनीच टाकले. मग वाटलं, मीच झोपेत उचलून आणले की काय. बायकोला विचारलं, तर घडी मोडू न देता म्हणाली, "ताईंचं मशीन महिनाभर बंद आहे. मागच्या दाराने येतात." अगं ताई, म्हणजे माझ्यापेक्षा कमी दरात भावोजी जे धुतात, ते मीच धुतोय! मग मला हरवतंय कोण? तुम्ही दोघी नणंद-भावजयींनी हे एकदा मला समजावून सांगा. कागदावर नको.

भावोजींना काही सांगू नकोस. पत्र बायको सुटांच्या गठ्ठ्यात घालून पाठवेल.

तुझा,
धाकटा

ता. क. : खरं काम राहिलंच. दोघांचं धुऊन धुऊन माझं मशीन आज सकाळी बसलं. उद्या दीडशे लाल कॉलर द्यायचेत, नाहीतर काम गेलंच म्हणून समज. तुमचं दुरुस्त झालं असेल, तर मागच्या दाराने पाठवू का?

पुन्हा ता. क. : राहू दे. जेवून आलो तर मशीन चालू! बायको म्हणते, तिने कोणाला पाहिलं नाही. मशीनवर एक पाना राहिलाय, मुठीला निळ्या कॉलरची पट्टी गुंडाळलेला. तो परत द्यायला आता मागच्या दाराने येऊ, की पुढच्या?