सभेचं आवतन

माय,

आज मी तुझ्या सभेला जाऊन आले. 'तुझ्या' म्हणायचं ते सवयीनं. माझं आणि त्या पक्षाचं कधी जमलं नाही हे तुला ठाऊक आहे, आणि त्यावरून आपण दोघींनी किती जेवणं कडू केली तेही. पण झेंडा तोच, घोषणा त्याच, आणि गाड्यांतून उतरून पदर सावरत एकमेकींना हाका मारणाऱ्या बायकाही तशाच. त्यांना बघून मनात तुझंच नाव आलं. तू गेल्यानंतर शहराचं नाव सरकारी कागदावरही बदललं. तुला त्याचं काय कौतुक असणार, तू तर आपल्या पिशोरहून निघताना एसटीच्या कंडक्टरकडेही संभाजीनगरचंच तिकीट मागायचीस. तो म्हणायचा, "मावशे, माझ्या पेटीत औरंगाबादच हाय." तू म्हणायचीस, "मंग तेच दे. पर नाव म्या म्हणते तेच हाय." सगळी गाडी हसायची आणि मी खिडकीकडे तोंड फिरवायची.

पक्षाची पोरं सभेची पत्रकं वाटून जायची. ती घरोघर फडताळात अंथरली जायची आणि सभेच्या दिवशी ट्रक अर्धे रिकामे निघायचे. मग तू तुझी पद्धत काढलीस. लग्नाचं आवतन द्यावं तसं, कुंकवात माखलेल्या अक्षता ताटात घेऊन दारोदार जायचं, बाईला हळदकुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या आणि सांगायचं, "ऐतवारी सभा हाय. चूलबंद आवतन हाय, समद्या घरानं यायचं." एकदा आपल्या शेजारणीनं विचारलंच, "चूलबंद म्हणती, अन् भाकरी आमचीच बांधून न्यायची व्हय?" तू म्हणालीस, "मंग? धर्माच्या कामाला दुसऱ्याची भाकरी खाती का?" पत्रक फेकता येतं, अक्षता कशा फेकणार? त्यानंतर पिशोरचे ट्रक कधी रिकामे गेले नाहीत. कन्नड तालुक्याच्या पुढाऱ्यांनाही ते जमत नव्हतं.

तू हे सगळं कशासाठी करायचीस, ते मला तेव्हा अर्धवटच कळत होतं. रझाकाराच्या वक्ताला तुझ्या बापानं तुला खांद्यावर घेतलं आणि घाट उतरून निजामाच्या हद्दीबाहेर, खानदेशात नेलं. ती वाट तू कधी विसरली नाहीस. मी वाद घालायला लागले की म्हणायचीस, "तू पोलीस ॲक्शनच्या मागून जन्मलीस. तुला काय ठावं." त्या भीतीवर लोक जी भाषणं करायचे ती मला ऐकवत नसत, अजूनही ऐकवत नाहीत. पण तुझी भीती खोटी नव्हती, एवढं मी कबूल करते.

आणि खरं सांगायचं तर तुला भाषणांचं फारसं वेड नव्हतंच. तुला हवी असायची ती त्याआधीची घटका. पुढारी गाडीतून उतरले की व्यासपीठाच्या पायरीपाशी पाच सवाष्णी त्यांना ओवाळायच्या. त्यांत पहिली तू. ताट तुझं स्वतःचं, पितळेचं, चिंचेनं घासलेलं, पंच्यात गुंडाळून गावाहून आणलेलं. घरात तुला विचारून कोणी कधी काही केलं नाही. बाबांनी बैल विकला तेही तुला बाजारातून परतलेल्या लोकांकडून समजलं. पण तिथं सगळं मैदान उभं राहून बघतंय, हलगी वाजतेय, आणि एवढा मोठा माणूस तुझ्यापुढे मान वाकवून उभा आहे. तू सावकाश ओवाळायचीस. मागच्या बायका कुजबुजायच्या, "आवर की." तू आवरायची नाहीस.

पौषात बाबा गेले. चैत्रात सभा ठरली. मला वाटलं, यंदा तू घरी बसशील. तू अक्षता कालवल्यास आणि ताट माझ्या हातात दिलंस. कुंकवाला हात लावायचा नाही, म्हणून तू माझ्या दोन पावलं मागं उभी राहायचीस आणि मागूनच सगळं बोलायचीस. ताट माझं, आवतन तुझं. असं आपण सगळं गाव फिरलो. एकाही दारात कोणी काही म्हणालं नाही, आणि तूही असं वागलीस की जणू हे पहिल्यापासून असंच होतं.

सभेच्या दिवशी ट्रकमध्ये तुझ्या मांडीवर तेच पंच्यातलं गाठोडं होतं. मला वाटलं, कोणाला तरी द्यायला घेतलं असेल. मैदानात पोचल्यावर तू भाकरीच्या टोपल्या उतरवून घेतल्यास, आपल्या गावच्या बायकांना जागा धरून दिलीस, गाठोडं सोडून ताट काढलंस, निरांजन लावलंस आणि जाऊन पायरीपाशी पहिल्या जागी उभी राहिलीस. तू विसरली होतीस, की आपल्याला कोण अडवणार असं तुला वाटलं होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. शहरातली एक बाई तिथली व्यवस्था बघत होती. तिनं तुझ्या कपाळाकडे पाहिलं आणि फार गोड आवाजात म्हणाली, "मावशी, उन्हात कशाला उभ्या? तिकडे सावलीत बसा ना." बोलता बोलता तिनं ताट तुझ्या हातातून घेतलं आणि शेजारी उभ्या असलेल्या एका नव्या सुनेच्या हातात दिलं. ती रागानं बोलली असती तर तू भांडली असतीस. तू "बरं" म्हणालीस. मग पदर कपाळावर ओढून मांडवाच्या कडेला बसलीस आणि घोषणा सुरू झाल्यावर सगळ्यांबरोबर हात वर केलास.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू भाकरी करत होतीस आणि मी तुझ्यावरच तोंड सोडलं. ज्यांच्यासाठी गावं गोळा केलीस त्यांना तुझं कपाळ चालत नाही, असं काय काय बोलले. तू म्हणालीस, "रीत हाय ती. म्या बी ताट तुझ्या हाती दिलंतंच की."

"मग पायरीपाशी गेलीस कामून?"

परातीतला तुझा हात थांबला. मला राहवेना. तुला बरं वाटावं म्हणून मी म्हणाले, "जाऊ दे माय. गेलं काय तुझं? एक ताट ओवाळायचंच राहिलं ना."

"व्हय," तू म्हणालीस. "काय बी नाय गेलं."

आणि तू पुन्हा थापायला लागलीस. पुढची कितीतरी वर्षं तू बायका गोळा करत राहिलीस, दोन पावलं मागून बोलत राहिलीस, आणि मी गावाहून शहरात नोकरीला आले. तुझं शेवटचं दुखणं लांबलं तेव्हा पक्षातलं कोणी फिरकलं नाही. तू त्याबद्दलही कधी बोलली नाहीस. मीही तो विषय मिटला असं धरून चालले.

काल शेजारची सून आली. ती आता त्या पक्षाचं काम करते, पोर चांगली आहे. म्हणाली, "काकू, औक्षणाला पाचजणी लागतात. एकीची सासू ॲडमिट झाली. तुम्ही या ना." मी नाही म्हणणार होते. कारणंही तयार होती. पण ती दारात घामाघूम होऊन उभी होती. शेवटी हो म्हटलं.

आज मैदानात हलगीच्या जागी डीजे होता, आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर आम्ही पाचजणी दिसत होतो. माझ्या हातात ताट होतं. पुढारी आले, माझ्यासमोर थांबले आणि त्यांनी मान वाकवली. मी त्यांना टिळा लावला. मी त्यांना मत देत नाही आणि देणारही नाही. पण मी ओवाळत होते तोवर ते हलू शकत नव्हते, मागची सगळी गर्दी खोळंबली होती, आणि हजारो माणसं माझ्या हाताकडे बघत होती. "काकू, आवरा," शेजारची सून हळूच म्हणाली. मी आवरलं नाही. आणि तिथंच, ताट हातात असताना, मला कळलं की त्या चैत्रात तुझ्याकडून काय काढून घेतलं होतं. माय, आयुष्यात तुझं म्हणून तेवढंच होतं, आणि मी विचारलं होतं की गेलं काय.

हे लिहून कुठं टाकणार आहे मी? कपाटात साड्यांखाली ठेवीन. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "तू आणि तिथं? कसं काय?" मी म्हटलं, शेजारधर्म, दुसरं काय. तुला म्हणून सांगते, मला ते फार आवडलं.